आधी मांड, मग लगाम

रविवारी सकाळी साडेसहाला मिरजेच्या कृष्णाघाट रस्त्याला आमच्या चाचांच्या पागेसमोर चार-पाच मुलं आणि दोन-तीन हौशी मोठी माणसं जमतात. पागा म्हणजे काय, एक पत्र्याची शेड, तीन जनावरं आणि दारात कडुलिंब. पहिला अर्धा तास मी कुणालाच घोड्यावर चढू देत नाही. मुलं कुरकुरतात, आया मोबाइल काढून तिष्ठत असतात आणि एखादे वडील हळूच विचारतात, "मॅडम, पैसे तासाचेच आहेत ना?" आहेत. हा अर्धा तास त्या तासातलाच.

मी पेशानं फिजिओथेरपिस्ट. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, तेव्हा कंबर धरलेली आणि मान अवघडलेली माणसं बघण्यात माझी वीस वर्षं गेली. घोड्याशी संबंध आला तो 2019 च्या ऑगस्टात. कृष्णेचं पाणी चढायला लागलं तशी चाचांनी जनावरं आमच्या कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर आणून बांधली. त्यात मैना होती. कुमैत, म्हणजे काळपट तांबडा रंग, चारी पाय पांढरे, कपाळावर पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. घरातली गाजरं तिसऱ्या दिवशी संपली. पाणी ओसरलं, घोडी घाटावर परत गेली, आणि मी एकोणचाळिसाव्या वर्षी तिच्या पाठीवर बसायला शिकले. चाचांनी आधी टांगा हाकला, मग वरातीला घोडी दिली, आता गुडघे गेल्यामुळं खुर्चीवर बसून ओरडतात. मला 'डॉक्टरबाई' म्हणतात. मी डॉक्टर नाही, हे सांगून मी दमले.

शिकायला लागून सात-आठ महिने झाले असतील. एका सकाळी चाचांनी मैनेचं खोगीर उतरवलं, खालचा गाशा, म्हणजे पाठीवर अंथरायचं जाड कापड, उलटा करून माझ्यासमोर धरला आणि काही बोलले नाहीत. सगळा गाशा घामानं ओला, फक्त उजवीकडं मागच्या बाजूला तळहाताएवढा भाग कोरडा ठाक. मला वाटलं, बरंच झालं की, तिथं घाम आला नाही. चाचा म्हणाले, "तिथं बोट लावून बघा." बोट लावलं तर मैनेची कातडी थरथरली, पाठ खाली गेली आणि कान मागं पडले. दाब फार झाला की त्या जागेचा घाम अडतो. (कोरडा ठिपका दुसऱ्या कारणानंही पडतो, खोगीर तिथं टेकतच नसेल तर. म्हणून नुसता गाशा बघून भागत नाही, बोट लावावंच लागतं.)

मी पहिल्यांदा दोष खोगिराला दिला. मग रिकिबीला, म्हणजे पाय ठेवायच्या कड्याला दिला, कारण उजवी रिकीब मला कायम लांब वाटायची. चाचांनी रिकिबींच्या दोन्ही वाद्या, म्हणजे चामड्याचे पट्टे, काढून शेजारी शेजारी टांगल्या. सारख्या. "वादी सरळ हाय, डॉक्टरबाई. वाकडं दुसरंच काहीतरी हाय."

वाकडी मीच होते. वीस वर्षं दवाखान्याची जड बॅग उजव्या खांद्याला. बॅग घसरू नये म्हणून तो खांदा वर उचललेला, डावी कुशी आखडलेली आणि बूड उजवीकडं सरकलेलं. खुर्चीत बसल्यावर ते कुणाला दिसत नाही. घोड्यावर बसलं की तोच वाकडेपणा खोगिरातून थेट जनावराच्या पाठीत उतरतो. दिवसभर लोकांना "सरळ बसा" सांगणाऱ्या बाईला हे एका घोडीनं सांगावं!

घरी करायचं काम

म्हणून माझा पहिला धडा घोड्याविनाच असतो. दोन वजनकाटे शेजारी शेजारी ठेवा, एकेक पाय एकेकावर ठेवून समोर बघत उभे राहा आणि आकडे दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांगा. खाली वाकून स्वतः वाचलेत तर आकडा बदलतो. माझे तेव्हा उजवीकडं 32 आणि डावीकडं 26 भरले होते. एक-दोन किलोंचा फरक बहुतेकांचा निघतो. पाच-सहाचा निघाला तर घोड्यावर बसायच्या आधी स्वतःच्या कमरेकडं बघा.

मग लाकडी पाट किंवा चौरंग घ्या. त्यावर बसून दोन्ही तळहात बुडाखाली सरकवा. दोन टणक हाडं टोचतील. मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, म्हणतात ती या दोन हाडांवर उभी राहते. आता पाठीचा कणा गोल करून पोक काढा. हाडं पुढं घसरतात आणि वजन माकडहाडाकडं जातं. उलट छाती पुढं काढून कमरेत कमान करा. वजन पुढं मांड्यांत जातं आणि हाडं उचलली जातात. या दोन टोकांच्या मधे एक जागा अशी असते की दोन्ही हाडं सरळ खाली रोखलेली असतात आणि पोट मोकळं राहून श्वास खाली उतरतो. ती जागा डोळे मिटून पाच वेळा शोधा. रोज दोन मिनिटं पुरतात. टीव्ही बघताना केलंत तरी चालेल.

आपल्या भाषेत 'मांड ठोकून बसणे' म्हणतात, आणि नवशिकी माणसं ते शब्दशः घेतात. ठोकायचं काही नसतं. मांड टेकायची असते.

चढण्याआधी

घोड्याची पाठ दिसायला भक्कम, पण भार घ्यायची जागा थोडीच. कण्याच्या मणक्यांची टोकं कातडीखाली लगेच असतात, त्यांच्यावर काहीही टेकता कामा नये. भार घ्यायचा तो कण्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब स्नायूंनी, आणि तोही मागं शेवटच्या बरगडीपर्यंतच. त्यामागं कंबर. तिथं खाली बरगड्यांचा आधार नाही. जो स्वार खोगिरात मागं सरकून आरामखुर्चीसारखा बसतो, पाय पुढं टाकतो, तो नेमका त्या कमरेच्या कडेवर बसलेला असतो. लग्नातल्या नवरदेवांची ही ठरलेली बैठक. एक वेळ त्यांना माफ, ते अर्ध्या तासात उतरतात.

तर आधी खरारा, म्हणजे ब्रशनं अंग घासणं. खरारा करताना मानेच्या मुळाशी खांद्यांवर जो उंचवटा असतो तिथून कमरेपर्यंत, कण्याच्या दोन्ही बाजूंनी, बोटांच्या पेरांनी हळूहळू दाबत जा. नख नको. घोडं निवांत असेल तर काही करत नाही, एखादं तर खालचा ओठ सैल सोडतं. कातडी उडाली, पाठ खचली, मान वळवून तुमच्याकडं दात आले तर त्या दिवशी खोगीर चढवायचं नाही. एवढंच. पाहुणे पुण्याहून आलेत, मुलाचा वाढदिवस आहे, असली कारणं घोड्याला समजत नाहीत.

गाशा आणि खोगीर थोडं पुढं ठेवून केसांच्या दिशेनं मागं सरकवत आणा, म्हणजे खालचे केस उलटे मुडपत नाहीत. खांद्याचा फरा मोकळा राहिला पाहिजे, कारण पाऊल पुढं टाकताना तो मागं फिरतो. तुम्ही वर बसल्यावरही त्या उंचवट्यावर खोगिराखाली दोन-तीन बोटं उभी मावायला हवीत. तंग, म्हणजे पोटाखालून खोगीर बांधायचा पट्टा, एकदम आवळू नका. पहिल्यांदा बेताचा, दोन पावलं चालवून पुन्हा एक भोक, बसल्यावर पुन्हा एक. एकदम आवळलेल्या तंगानं घोडी चावायला शिकते, आणि मग लोक म्हणतात घोडी खोडील.

वजनाचा हिशेब लोकांना आवडत नाही, तरी सांगते. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ नये, हा जगभर चालणारा ढोबळ अंदाज. घोडं काट्यावर कुठं चढवणार? शिंप्याची टेप घ्या. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा आणि त्याचा वर्ग करा. खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीनं गुणा, 11880 नं भागा. साधारण किलो मिळतात. मैनेचा घेर 158, लांबी 143. उत्तर 300. पाचवा हिस्सा 60. मी 58 आणि खोगीर 7. ही बेरीज चाचांनी अंगठ्यानं बोटांच्या कांड्यांवर केली आणि माझ्याकडं बघून नुसतं "हं" म्हणाले. आता मी 52 आहे. ते "हं" कुठल्याही डाएटपेक्षा भारी पडलं.

चढताना कट्टा वापरा. जमिनीवरून रिकिबीत पाय घालून अंग वर ओढलं की सगळं खोगीर डावीकडं खेचलं जातं, आणि रोज त्याच बाजूनं. आमच्याकडं सिमेंटच्या दोन पायऱ्या बांधल्यात. पाय पलीकडं टाकल्यावर क्षणभर रिकिबीत उभे राहा आणि मग बसा. गोणी टाकल्यासारखं नको.

चालीत

पहिल्या दिवशी मुलांना मी लगाम देत नाही. चाचांचा नातू लांब दोर धरून मैनेला गोल फिरवतो, मुलानं मैनेच्या गळ्यातला पट्टा धरायचा, डोळे मिटायचे आणि बुडाला काय कळतं ते सांगायचं. साध्या चालीत घोड्याचे चार पाय चार ठोक्यांत पडतात. मागचा डावा पाय उचलून पुढं येतो तेव्हा घोड्याची डावी बाजू किंचित खाली जाते आणि पोट उजवीकडं झुलतं. तुमचं डावं हाड त्याबरोबर खाली जातं. मग उजवं. मुलांनी "डावा... उजवा..." म्हणत जायचं. मोठ्यांपेक्षा मुलांना हे लवकर जमतं. मोठी माणसं विचार करतात, आणि विचार केला की कंबर ताठते.

कंबर ताठली की काय होतं ते चाचांनी मला एकदा दाखवलं होतं. त्यांनी माझ्या पाठीवर दहा किलो तांदळाची पिशवी घट्ट बांधली आणि चालायला लावलं. काही वाटलं नाही. मग तीच पिशवी सैल बांधली. दहा पावलांत मी वैतागले. तांदूळ तेवढाच होता. पिशवी माझ्या पावलाच्या उलट्या बाजूला आदळत होती. ताठ बसलेला स्वारही असाच, घोड्याचं एक आणि त्याचं भलतंच.

दुडकीत, म्हणजे घोडं चालीतून संथ धावायला लागलं की, हे सगळं उघडं पडतं. पाय तिरके जोडीनं पडतात, पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग दुसरी जोडी. दोन ठोके. प्रत्येक ठोक्याला पाठीवरचा दाब क्षणभर तुमच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास जातो. म्हणून दुडकीत उठबस करायची. एका ठोक्याला उठायचं, एकाला टेकायचं. उठायचं म्हणजे उंच उडी नव्हे. खोगिरातून चार बोटं सुटलात तरी पुरे, बाकीचं घोडं उचलतं. खरी कसोटी टेकताना. गुडघा आणि घोटा सैल राहिले तर ते वजन झेलतात आणि तुम्ही कापसासारखे उतरता. टाचा वर, पंजे ताणलेले असतील तर धप्पकन आदळता. मैना अशा वेळी शेपटी झटकते. मी शेपटी मोजते. एका फेरीत तीन झटके झाले की मुलाला पुन्हा चालीवर आणते.

एक बारकावा बहुतेक जण सोडून देतात. तुम्ही नेहमी एकाच जोडीवर टेकत राहिलात तर घोड्याची तीच बाजू रोज भार खाते. गोलात फिरताना बाहेरचा पुढचा पाय पुढं जाईल तेव्हा उठा. दिशा बदलली की एक ठोका जास्त बसून जोडी बदला. सरळ रस्त्यावर मी विजेच्या खांबांवर हिशेब ठेवते, दर चौथ्या खांबाला बदल. उसाच्या हंगामात मात्र रस्त्यावर जायचंच नाही. ट्रॅक्टरवरच्या गाण्यांनी मैना बिचकते आणि माझीही मांड तिथंच संपते.

"गुडघ्यानं दाबून धर" हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. गुडघा आणि खोगीर यांच्यामधे नाणं धरून बसायचं म्हणे. मला हे पटत नाही, आणि यावर चाचांचं नि माझं भांडणही झालंय. गुडघा आवळला की मांडी आखडते, बूड वर उचललं जातं आणि तुम्ही कपड्याच्या चिमट्यासारखे अधांतरी राहता. त्यापेक्षा मांडीचं वजन खाली सोडा, पाय लांब होऊ द्या. बाजूनं बघणाऱ्याला कान, खांदा, कंबरेचा खुबा आणि टाच एका ओळीत दिसली पाहिजेत. घोडं खालून गायब झालं तर तुम्ही पायांवर उभे राहाल की बुडावर पडाल, एवढा प्रश्न स्वतःला विचारा.

लगामाबद्दल थोडक्यात, कारण मांड बसली की हात आपोआप शांत होतात. कडियाळं, म्हणजे लगामाचा तोंडातला लोखंडी भाग, घोड्याच्या जिभेवर आणि दात नसलेल्या हिरडीवर टेकतं. तोल गेला की माणूस हातात असेल ते ओढतो, म्हणजे तुमच्या प्रत्येक हिसक्याचं ओझं त्या हिरडीवर. म्हणूनच गळ्यातला पट्टा. तोल गेला तर पट्टा धरा, आयाळ धरा, लगाम धरू नका. काटेरी कडियाळं तर घरातच आणू नका. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांनीही त्याला बंदी आहे. तरी वरातीत दिसतं.

दंडोबाच्या डोंगराकडं न्याल तर चढावर खुब्यातून पुढं झुका, आयाळ धरा आणि घोड्याची कंबर मोकळी सोडा, कारण चढाचा जोर तिथून येतो. उतारावर मागं रेलायची सवय असते, ती सोडा. सरळ बसा. उतार फारच असेल तर खाली उतरून घोड्याबरोबर चालत या. यात कमीपणा काही नाही. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ फोटोसाठी तिथंही खोगिरात उलटे वळून बसतात. त्यांच्या घोड्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते.

चाचांचं एक जुनं वाक्य आहे. "बारगिरासारखं बसू नका, शिलेदारासारखं बसा." मराठ्यांच्या फौजेत बारगिराला घोडं सरकारातून मिळायचं आणि शिलेदाराचं घोडं त्याच्या पदरचं असायचं. घोड्याची पाठ लागली, म्हणजे खोगिरानं दुखावली, तर नुकसान शिलेदाराचंच. बारगिरांवर हा जरा अन्यायच आहे, ते काही वाईट स्वार नव्हते. पण भाड्याच्या घोड्यावर बसणाऱ्या मुलांना हे वाक्य लगेच कळतं. भाड्याची सायकल आपण कशी चालवतो, ते त्यांना ठाऊक असतं.

उतरल्यावर

शेवटची दहा मिनिटं चालीवर, लगाम लांब सोडून. बरं वाटत असेल तर घोडं मान खाली लांबवतं आणि नाकातून फुर्र करतं. मान वर ताठ, पाठ खचलेली, दात खाणं चालू, तर आज काहीतरी बिनसलं. उतरा आणि तंग आधी दोन भोकं सैल करा. खोगीर जरा थांबून काढा. मग तळहात पाठीवर फिरवा. कुठं ऊब जास्त लागते का, कुठं सूज आहे का, आणि गाशा उलटा.

माझ्या उजवीकडच्या कोरड्या ठिपक्याला जायला चार महिने लागले. त्यातले पहिले सहा आठवडे मैनेच्या पाठीवर कुणीच बसलं नाही. बॅग मी डाव्या खांद्यावर घेतली नाही, तसं केलं तर वाकडेपणा नुसता बाजू बदलतो. पाठीवरची सॅक घेतली. डाव्या कुशीचे ताण रोज रात्री, दाराच्या चौकटीला हात लावून. काट्यावर आता 27 आणि 25 भरतात. मैनेच्या पाठीवर त्या जागी पांढऱ्या केसांचा एक ठिपका उगवलाय, चिंचोक्याएवढा. केसांची मुळं एकदा दाबानं दुखावली की तिथं पुढं पांढरेच केस येतात. कुमैत अंगावर तो लांबून दिसतो. नवीन मुलं विचारतात, मैनेला तिथं काय झालं? चाचा खुर्चीतून माझ्याकडं बोट दाखवतात.

गाशा धुताना पावडर कमी घाला आणि तीन पाण्यांतून काढा. सुकलेल्या घामाची घडी आणि राहिलेली पावडर दोन्ही पाठीला चावतात. उन्हात उलटा टाका, आतली बाजू वर.